'चोपडा तालुका' असं पूर्ण टाका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं की नेटवर आता काही धड सापडतच नाही, वर जाहिराती, मधे व्हिडिओ, खाली भलतंच, त्यापेक्षा आमची जुनी लायब्ररी बरी होती. वाचून हसू पण आलं आणि पटलं पण. मी चोपडा तालुक्यात बसस्टँडजवळ ऑनलाईन कामांचं दुकान चालवतो, सातबारा, विमा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स, सगळं. चौदा वर्षं झाली. दिवसभर कोणी ना कोणी माझ्या खुर्चीमागे उभं राहून "टाक ना भो गुगलवर" म्हणत असतं, त्यामुळे लोक काय टाकतात आणि काय निघतं हे रोजचंच बघणं आहे. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा पण केळीचा भाग कापू नका.

पहिले आमच्या गावाचंच घ्या. नुसतं चोपडा टाईप करा, नीरज चोप्रा येतो. आपण मराठीत त्याला चोप्रा लिहितो पण हिंदीवाले ड खाली टिंब देऊन चोपड़ा लिहितात आणि मशीन त्या टिंबाकडे फारसं बघत नाही. २०२१ ला टोकियोत त्याने भाल्याचं गोल्ड आणलं तेव्हा तर आठवडाभर मला आमच्या तालुक्याची एक बातमी सापडेना. आता यात चूक कोणाची? त्याची तर नाहीच, आणि खरं सांगू तर मशीनची पण नाही, देशभरातून चोपडा टाकणाऱ्या लोकांना तोच पाहिजे असतो, तापीकाठचा तालुका कोणाला पाहिजे. तर तिथे "चोपडा तालुका" असं पूर्ण टाका, नाहीतर चोपडा लिहून एक स्पेस सोडा, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून नीरज. गडी गायब. वजा आणि शब्द यांच्यामधे जागा सोडली की हे चालत नाही, ही एवढीशी गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली.

जळगावचं पण असंच आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद नावाचा तालुका आहे, आणि एक गिऱ्हाईक नुसतं "जळगाव तहसील फोन नंबर" शोधून तीन दिवस तिकडे फोन लावत बसलेला मी स्वतः बघितलाय, तिकडचा माणूस पण बिचारा भला, रोज सांगायचा दादा तुमचा गट नंबर आमच्याकडे नाही.

आता केळीचं. दोन वर्षांमागे ऐन श्रावणात अडावदकडचे एक जिभाऊ दुकानात आले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत केळीचं पान. पानावर पिवळे पट्टे, कडा वाकड्या, पोंगा (मधलं न उलगडलेलं कोवळं पान) सडायला लागलेला. सोबत टॉनिकच्या दोन बाटल्या, आणि त्या बाटल्या त्यांच्या भाच्याने नेटवर शोधून सांगितल्या होत्या. भाच्याने काय टाकलं होतं तर "केळीच्या पानावर पिवळे पट्टे पडले आहेत काय करावे". आता असं विचारल्यावर कोण उत्तर द्यायला बसलंय? ज्याला बाटली विकायची आहे तो. त्याने आपल्या पानावर नेमकं हेच वाक्य लिहून ठेवलेलं असतं, पिवळी पानं, काय करावे, तीन दिवसात हिरवंगार. तुम्ही ज्या शब्दांत रडता त्याच शब्दांत तो दुकान मांडतो.

आणि ज्याला खरं माहीत आहे, म्हणजे राहुरीचं कृषी विद्यापीठ म्हणा, जळगावचं केळी संशोधन केंद्र म्हणा, पालचं कृषी विज्ञान केंद्र म्हणा, तो असं कधीच लिहित नाही. तो लिहितो "कुकुंबर मोझॅक विषाणू". आपल्याकडे बांधावर त्यालाच हरण्या म्हणतात. पिवळे पट्टे, कुकुंबर मोझॅक, हरण्या, तीन नावं, एकच रोग, आणि ज्या नावाने शोधाल त्या नावाची माणसं तुम्हाला भेटतील.

मी काय केलं ते नीट सांगतो कारण यातच सगळी मेख आहे. मी पहिले भाच्यासारखंच टाकलं, पण उत्तर वाचायला नाही, शब्द गोळा करायला. आठदहा पानं नुसती वरवर चाळली, कुठे कंसात सीएमव्ही (कुकुंबर मोझॅकचंच इंग्रजी छोटं नाव) दिसलं, कुठे मोझॅक दिसलं, कुठे मावा दिसला. मग ते सगळं पुसून दुसऱ्यांदा टाकलं, "केळी कुकुंबर मोझॅक मावा व्यवस्थापन". आता पूर्ण वेगळीच पानं. त्यात स्पष्ट लिहिलेलं की हा विषाणू आहे, झाड एकदा धरलं की कुठल्याच फवारणीने बरं होत नाही, मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर जाळा किंवा गाडा, आणि बागेत व आजूबाजूला काकडी, भोपळा असली वेलवर्गीय पिकं लावू नका. जिभाऊंनी बांधावर चांगली दोन ओळी गिलकी लावलेली, बाजारच्या दिवशी तेवढेच हातखर्चाला म्हणून. वाचून दाखवलं तर बाटल्यांकडे बघत म्हणे, "मंग या बाटल्या कसाले लई उनू मी?" म्हणजे कशाला घेऊन आलो. मी काय बोलणार.

तर माझं म्हणणं एवढंच आहे साहेब, ते मशीन तुमचा प्रश्न समजून घेणारा शहाणा माणूस नाही, ते मुख्यतः तुम्ही टाकलेले शब्द कुठल्या पानावर छापलेत ते बघतं. आता ते पहिल्यापेक्षा हुशार झालंय, अर्थ पण लावतं, मान्य. तरी आपली अडचण ज्या शब्दांत बोलतो ते टाकण्यापेक्षा उत्तर ज्या पानावर आहे तिथे कोणते शब्द छापलेले असतील याचा विचार करून ते टाकले की निम्मं काम होतं. आणि ते शब्द माहीत नसतील तर पहिला सर्च शब्दांसाठी, दुसरा उत्तरासाठी. लोक पहिल्याच सर्चला वरची लिंक उघडतात आणि मग म्हणतात सापडत नाही.

केळीचीच अजून गंमत. थंडीत बागेला चरका बसतो, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं लांबतं, पानं पिवळी पडतात, हे आपल्या रावेर-यावल-चोपड्यात पोराला पण माहीत. नुसतं चरका टाकून बघा, मशीनला वाटतं याला चरखा म्हणायचंय, आणि ते आपलं गांधीजींचा चरखा, सूतकताई, खादी भांडार घेऊन येतं. तसंच मावा. नुसतं मावा टाकलं की खवा आणि पेढ्यांच्या रेसिप्या, नाहीतर तंबाखूचा मावा. अशा वेळी शब्दाला दोन्ही बाजूंनी डबल अवतरण चिन्ह लावायचं, म्हणजे मशीनला कळतं की बाबा हाच शब्द पाहिजे, याचं सुधारून दुसरं काही करू नको. "चरका" अवतरणात आणि बाहेर केळी, की बरोबर थंडी आणि बागांच्या बातम्या येतात. जुन्या काही लेखांत सांगतात की शब्दाआधी अधिकचं चिन्ह लावा, ते गुगलने २०११ लाच बंद केलं, आता त्याचं काम अवतरणच करतं.

सरकारी कामात तर शब्दांचा घोळ अजून मोठा. आपण म्हणतो ठिबक, शासन म्हणतं सूक्ष्म सिंचन. आपण म्हणतो बाप वारला आता पोरांची नावं लावायची, तलाठी ऑफिसात त्याला वारस नोंद आणि फेरफार म्हणतात. एक जण आला, शेजाऱ्याने वावरात जायचा रस्ता अडवला म्हणून, डोळ्यात पाणी, कपाशी वेचून ठेवलेली आणि गाडी बाहेर काढता येईना. त्याने मोबाईलवर "शेजाऱ्याने शेतरस्ता अडवला" टाकून रात्रभर व्हिडिओ बघितले होते, प्रत्येक व्हिडिओत पहिली पाच मिनिटं चॅनल सबस्क्राईब करा. मी टाकलं "मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ कलम ५", आणि मग "जमीन महसूल अधिनियम कलम १४३". पहिलं चालू वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर अडथळा काढण्यासाठी, दुसरं रस्ताच नसेल तर बांधावरून मागण्यासाठी, दोन्हीचा अर्ज तहसीलदाराकडेच पण प्रकरण वेगळं. हे दोन आकडे माहीत असले की वकिलाकडे जायच्या आधी माणूस निदान काय विचारायचं ते ठरवून जातो. कलमाचा नंबर, शासन निर्णयाची तारीख, योजनेचं पूर्ण नाव, असलं काही हाती लागलं की ते सोडू नका, शोधायला त्याच्याइतकी धारदार वस्तू नाही.

शासन निर्णयावरून आठवलं. व्हाट्सअपवर रोज एक जीआर फिरतो. खऱ्या जीआरच्या शेवटी लिहिलेलं असतं की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे, तो अठरा आकडी असतो आणि पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो नंबर शासनाच्या साईटवर टाकून बघा, निघाला तर खरा. नाही निघाला तर ग्रुपवर पुढे ढकलू नका एवढी तरी मेहरबानी करा.

आणि ज्यांना फक्त सरकारी पानंच पाहिजेत त्यांच्यासाठी एक युक्ती आहे. आपला शब्द टाकून पुढे इंग्रजीत साईट लिहायचं, त्याला चिकटून कोलन, कोलनला चिकटून जीओव्ही डॉट इन. मग एजंटांची, क्लासवाल्यांची, 'योजना माहिती' वाल्यांची दुकानं सगळी गळून पडतात. विद्यापीठाचं पाहिजे असेल तर जीओव्हीच्या जागी एसी डॉट इन. मोबाईलचे काही कीबोर्ड कोलननंतर आपोआप जागा सोडतात, ती मागे जाऊन पुसायची, नाहीतर सगळं फुकट. याच पद्धतीने फाईलटाईप कोलन पीडीएफ टाकलं की फक्त पीडीएफ येतात. मग ती साठ पानांची पीडीएफ उघडली की वाचत बसायचं नाही, कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ, मोबाईलवर तीन टिंबांमधे 'पेजमध्ये शोधा', तिथे केळी टाकायचं, थेट त्या ओळीवर. बी.एड. झालेली पोरं पण साठ पानं बोटाने सरकवत बसतात, मला तर बघवत नाही.

तारखेचं एक सांगायलाच पाहिजे, कारण यावरून माझ्या दुकानात मागच्या खरिपात शब्दशः भांडण झालं. एक जण मोबाईल नाचवत आला, हे बघ इथे लिहिलंय एक रुपयात पीक विमा आणि तू जास्ती पैसे मागतो. पान खोटं नव्हतं, पण जुनं होतं. एक रुपयाचा विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आता पहिल्यासारखे खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला पाच टक्के शेतकऱ्याला भरावे लागतात. पण जुनं पान नेटवरून कोणी काढत नाही ना, आणि ज्या पानावर दोन वर्षं लाखो लोक गेले ते वरच राहतं. सर्चच्या टूल्समधे 'कधीही' असं लिहिलेलं असतं, त्यावर दाबून मागचा महिना किंवा मागचं वर्ष निवडायचं, एवढंच. त्या माणसाला हे दाखवलं तरी तो म्हणे तू मधे खातो. असो. आणि केळीवाल्यांनी "पीक विमा" टाकूच नका, केळीचा विमा हवामान आधारित फळपीक विमा योजनेत येतो, ती योजनाच वेगळी, मुदत वेगळी, "फळपीक विमा केळी जळगाव" असं टाका नाहीतर सोयाबीन-मक्याच्या मुदती वाचून आपली तारीख हुकवाल.

माझ्या घरातलाच एक किस्सा. मुलगी सातवीत असताना तिला शाळेत बहिणाबाईंवर चार्ट करायचा होता. मी दुकानात बिझी, म्हटलं टाक गुगलवर. पोरीने नुसतं बहिणाबाई टाकलं आणि दोन पानांवरून उतरवून काढलं, मोठ्या रंगीत अक्षरांत, "संत तुकाराम महाराजांच्या शिष्या बहिणाबाई यांचा जन्म जळगावजवळ आसोदा येथे झाला". बाईंनी लाल पेनाने गोल केला. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, आणि आपल्या बहिणाबाई चौधरी आसोद्याला १८८० साली जन्मल्या, १९५१ साली गेल्या, दोघींच्या जन्मांमधे अडीचशे वर्षं. ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आपल्या जिल्ह्यात आहे त्यांच्याबाबत खानदेशातल्याच पोरीकडून ही चूक व्हावी, मला रात्री झोप नाही आली. नावं सारखी असली की आडनाव टाका, गाव टाका, साल टाका, नको असलेला शब्द वजा करा, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो आणि घरात सांगायचं राहून गेलं. चार्ट मात्र अजून ठेवलाय, दुकानात काचेखाली.

जुनं शोधणाऱ्यांचं दुखणं वेगळं. शेजारची एक मुलगी एम.ए. ला इतिहास घेऊन बसली होती, विषय फैजपूरचं १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. ती शोधत होती जळगाव जिल्हा म्हणून. पण तेव्हा जळगाव जिल्हा हे नाव होतंच कुठे? १९०६ ला खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आपला तो पूर्व खानदेश, धुळे पश्चिम खानदेश, आणि नंदुरबार वेगळा व्हायला तर १९९८ उजाडलं. त्या काळच्या कागदावर त्या काळचंच नाव असणार. इंग्रजीत शोधायचं तर धुळ्याचं स्पेलिंग पण तेव्हा धुलिया असं करायचे, १८८० च्या खानदेश गॅझेटियरमधे आजच्या स्पेलिंगने शोधाल तर हाती काही लागणार नाही. बरं आपण तरी कुठे एक लिहितो, कोणी खानदेश लिहितो, कोणी न ला द जोडून खान्देश. दोन्ही टाका, मधे इंग्रजी कॅपिटलमधे ओ आणि आर ही दोन अक्षरं, म्हणजे हे किंवा ते. स्मॉलमधे टाकलं तर मोजत नाही. पोरीचं काम शेवटी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन झालं, म्हणजे पत्र लिहिणाऱ्या सरांचं लायब्ररीचं म्हणणं काही अगदी चुकीचं नाही. पण तिथे जाऊन काय मागायचं हे तिला नेटवरच कळलं.

फसवणुकीचं थोडक्यात सांगतो, आपल्या पेपरात दर दोन दिवसांनी बातमी असतेच. माझ्या मेहुण्याचं पार्सल अडकलं, त्याने नेटवर कस्टमर केअर नंबर शोधला, सगळ्यात वर आला तो लावला, समोरच्याने गोड बोलून एक ॲप टाकायला लावलं आणि पाच रुपये भरायला सांगितले. पाच भरले आणि तेवीस हजार गेले. लाजेने दोन दिवस घरात सांगितलं नाही, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईन नंबरला फोन केला तेव्हा पैसा दोनचार खात्यांतून पुढे निघून गेलेला. सगळ्यात वर असणं म्हणजे सगळ्यात खरं असणं नाही, वरच्या दोनतीन जागा पैसे देऊन घेतलेल्या असू शकतात, तिथे बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं ते वाचायचं. नंबर तर सर्च करून घ्यायचाच नाही, बँकेचा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो, बाकीच्यांचा त्यांच्या स्वतःच्या ॲपमधे. आणि साईटचा पत्ता नीट वाचायचा, सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी डॉट जीओव्ही डॉट इन असं संपत असेल तर सरकारी, मधेच कुठे जीओव्ही लिहून शेवटी डॉट कॉम असेल तर समजून जा.

हे वर-खालीचं गणित कसं ठरतं असं लोक विचारतात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघांनी १९९८ ला गुगल काढलं तेव्हा मूळ कल्पना साधी होती, ज्या पानाकडे बाकीची जास्त पानं बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी पण वजनदार असतात, ते वर. आपल्याकडे बैल घेताना दहा जण ज्याचं नाव घेतात त्याच्याकडे आपण जातो तसं. आता त्यात शेकडो गोष्टी आल्या. पण मराठीत अडचण अशी की बोट दाखवायलाच पानं कमी, मग एखादं कुठूनतरी उचलून चिकटवलेलं पान पण आरामात पहिल्या नंबरला बसतं. हल्ली वर एआयने तयार केलेलं उत्तर पण येतं, ते वाचा, पण त्याच्या बाजूला लिंका असतात त्या उघडून बघा, विशेष करून औषधाचं प्रमाण असेल तर. पंधरा लिटरच्या पंपाचं आणि एकराचं प्रमाण यांच्यात गल्लत झाली तर बाग जळते, मग कोणाला धरणार?

आता साहेब, इथपर्यंत मी शोधणाऱ्यांना बोललो. पण शोधणाऱ्याने कितीही बरोबर शब्द टाकला तरी तो शब्द पानावर असायला तर पाहिजे, आणि इथे मला तुमच्याशी, म्हणजे सगळ्याच छापणाऱ्या-लिहिणाऱ्या लोकांशी जरा बोलायचंय, राग मानू नका.

कितीतरी सोसायट्या, बाजार समित्या, ग्रामपंचायती अजून जुन्या फॉन्टमधे टाईप करून पीडीएफ टाकतात. डोळ्याला सुंदर मराठी दिसते पण आत वेगळंच असतं. मी एकदा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला केळी हा शब्द कॉपी करून सर्चच्या चौकटीत टाकलं, तर तिथे उमटलं डी, एस, जी, एच. ही चार इंग्रजी अक्षरं. मशीनला तेच दिसतं! मग तुम्ही केळी म्हणून जन्मभर शोधा. युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या मशीनना सारखीच कळणाऱ्या अक्षरांत, टाईप केलं की हा प्रश्नच राहत नाही, पण ऑपरेटरला जुना कीबोर्ड पाठ असतो, तो सोडवत नाही. काही जण तर पत्र टाईप करतात, प्रिंट काढतात, सही-शिक्का मारतात, मोबाईलने वाकडा फोटो काढतात आणि तो फोटो साईटवर टाकतात. त्यातलं काय वाचायचं कोणी.

आणि आपला पेपर. ई-पेपर म्हणजे पानाचा फोटो, तो सर्चमधे सापडणं अवघड. वेबसाईटवर बातम्या असतात पण हेडिंग काय, "तालुक्यात वादळाचा तडाखा, बागा आडव्या". कोणता तालुका? आत वाचावं तर "काल सायंकाळी". कोणता काल? छापील पेपरवर वर तारीख असते, गाव तर पुरवणीवरूनच कळतं, म्हणून तिथे खपून जातं, पण नेटवर ती बातमी एकटीच तरंगत असते. मागच्या जूनमधे एका शेतकऱ्याला नुकसान भरपाईच्या अर्जासोबत पुरावा म्हणून वादळाची बातमी जोडायची होती, मी दोन तास शोधली, मला चार वेगवेगळ्या वर्षांची वादळं सापडली आणि त्यातलं आमचं कोणतं ते कळेना. "केळीने खाल्ला भाव" असं हेडिंग तुम्हाला गमतीचं वाटतं, पण भाव शोधणारा माणूस "रावेर केळी भाव" किंवा "बऱ्हाणपूर केळी भाव" असं टाकतो, त्याला तुमची बातमी दिसतच नाही.

म्हणून विनंती आहे की वेबवरच्या प्रत्येक बातमीत गाव, तालुका, जिल्हा आणि पूर्ण तारीख अक्षरात असू द्या. रोगाची, योजनेची बातमी असेल तर आपला शब्द आणि पुस्तकी शब्द दोन्ही लिहा, हरण्या पण आणि कुकुंबर मोझॅक पण, ठिबक पण आणि सूक्ष्म सिंचन पण, म्हणजे जिभाऊ कोणत्याही दाराने आले तरी आत येतील. साईट नवीन केली की जुन्या लिंका मारून टाकू नका. आणि आठवड्यातून एखादा कॉलम अहिराणीत द्या ना, युनिकोडमधे, आज अहिराणी शब्द टाकला की मशीनला वाटतं मराठीचं स्पेलिंग चुकलं, कारण लिहिलेलंच इतकं थोडं आहे.

पत्र छापलं तर हेडिंग तुमच्या मनाने द्या, फक्त त्यात चोपड्यापुढे तालुका हा शब्द येऊ द्या, नाहीतर उद्या मीच माझं पत्र शोधायला बसलो तर पुन्हा तो भालाच दिसायचा.

कळावे,
ऑनलाईन कामांचा एक दुकानदार
चोपडा तालुका, जि. जळगाव